मशीन थांबेल ते पान

लेखक दिसला की लोकांना एकच प्रश्न सुचतो. "तुम्हाला हे सगळं सुचतं कुठून?" दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही गाठतात आणि विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: सकाळी नदीकाठी फिरायला जातो, तिथे सुचतं. ऐकणारा खूश होतो. खरं म्हणजे मला चालण्याचा मनापासून कंटाळा आहे आणि नदीकाठी शेवटचा कधी गेलो होतो तेही आठवत नाही. पण खरं उत्तर द्यायचं तर आधी ताईबद्दल सांगावं लागेल, मग तिच्या मशीनबद्दल, मग गुंडीबद्दल. आणि गुंडीपर्यंत पोचलो की माझा आवाज बसतो. म्हणून नदी.

ताई माझी मोठी बहीण. तिचं पडदे आणि अभ्रे शिवायचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. भावजी लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, त्यामुळे घरात पुरुषमाणूस म्हणून बऱ्याचदा मीच, आणि माझा उपयोग काय तर चहा पिणे. मी लिहीत होतो. ताईच्या भाषेत मी "कागद काळे करत" होतो. पहिली कादंबरी मी तिच्या दुकानातच वाचून दाखवली, कारण दुसरं कोणी ऐकायला तयार नव्हतं. तीही तयार नव्हतीच. "तू वाच, मी शिवते," म्हणाली. तिचं पायाचं मशीन होतं, जुनं, काळं, खडखड करणारं. मी वाचायचो आणि ते मशीन माझ्या आवाजावर चढून बोलायचं.

पण मधेच कधीतरी मशीन थांबायचं. ताई वर बघायची नाही. हात कापडावर तसेच, पाय पट्टीवर तसाच. दोन ओळी, चार ओळी, कधी अर्धं पान. मग पुन्हा खडखड सुरू. मला कळायला वेळ लागला, पण कळलं. जिथे तिला पुढचं ऐकायचं असे तिथे तिचा पाय थांबे. तिला स्वतःला ते माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर म्हणाली, "काहीतरीच. दोरा संपला असेल."

तेव्हापासून माझा नियम झाला. मशीन थांबलं ते पान राहील, चालू राहिलं ते पान जाईल. माझी किती आवडती वर्णनं त्या मशीनने खाल्ली म्हणून सांगू! एका सूर्योदयावर मी आठवडा घालवला होता. ताईने त्यावर अख्खा पडदा शिवून काढला.

दुकानात तिसरा माणूस होता तो टेबलाखाली. ताईची मुलगी, गुंडी. बटणांचा डबा घेऊन ती तिथे बसायची, म्हणून तिचं नाव गुंडी पडलं. डब्यातली बटणं ती रंगाने लावायची नाही, स्वभावाने लावायची. ही भांडकुदळ, ही शहाणी, ही दुसऱ्यांच्या घरात जाऊन खाणारी. दार हाताने उघडणं तिला माहीत नव्हतं; हात कायम भरलेले, त्यामुळे लाथ. एक मोजा नेहमी घोट्यावर उतरलेला. दूध प्यायची नाही, कुंडीत ओतायची, आणि "प्यायले" असं इतक्या सरळ चेहऱ्याने सांगायची की मला हेवा वाटायचा. खोटं सांगणं हा माझा धंदा, पण मला ते इतकं सहज कधी जमलं नाही. मी वाचायचं थांबवलं की टेबलाखालून आवाज यायचा, "मामा, पुढे काय झालं?"

"पुढचं अजून लिहिलं नाही."

"मग लिहिल्याशिवाय आलास कशाला?"

तिच्यासाठी मी वेगळ्या गोष्टीही सांगायचो, तोंडी, रोज थोडी थोडी. त्या कुठे लिहून ठेवल्या नाहीत.

गुंडी आठ वर्षांची असताना तापाने गेली. मी तेव्हा कामासाठी परगावी होतो. ताप साधा वाटला, मग साधा राहिला नाही. मी परत आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. याच्यापलीकडे मी त्या दिवसांबद्दल काही लिहू शकत नाही.

ताईने बटणांचा डबा फळीवर वर ठेवला. गुंडीचे फ्रॉक तिनेच शिवलेले, वाढत्या अंगाचे, म्हणून खाली भरपूर दुमड ठेवलेली; ते कुठे गेले मी विचारलं नाही. भावजी आणखी लांबच्या फेऱ्या घेऊ लागले. घरात तिचं नाव निघेनासं झालं. तसं कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांनी पाळलं. माझं वाचनही बंद पडलं. टेबलाखालची जागा रिकामी असताना मी तिथे बसून वाचू काय?

पुढच्या दोन कादंबऱ्या मी मशीनशिवाय लिहिल्या. दोन्ही आपटल्या. रद्दीवाल्याने त्या घेताना तोंड वाकडं केलं, एवढीच त्यांची समीक्षा झाली.

मग मी एका तीन मजली इमारतीची कादंबरी लिहायला घेतली. भाडेकरू, त्यांची भांडणं, जिन्यातले दिवे, एवढंच. एका ठिकाणी अडलो. तिसऱ्या मजल्यावरच्या चिडक्या घड्याळजीला खालून निरोप पोचवायचा होता आणि पोचवायला कोणी नव्हतं. मी लिहिलं, "तळमजल्यावरची मुलगी वर गेली." पुढचं आपोआप आलं. मुलीने दाराला लाथ मारली. घड्याळजी ओरडला. ती म्हणाली, माझे हात भरलेत, दिसत नाही का, आणि तिच्या हातात काहीच नव्हतं. एक मोजा खाली उतरलेला होता. मी स्वतःवर निहायत खूश झालो. किती दिवसांनी काहीतरी सुचलं होतं. त्या खुशीतच कागद उचलले आणि ताईच्या दुकानात गेलो.

"वाचू का?" म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाच. मी शिवते."

मशीन सुरू झालं. मी वाचत गेलो, आणि दाराला लाथ बसली तिथे मशीन थांबलं. मला आनंद झाला. मग मोज्याचं वाक्य आलं आणि माझाच आवाज माझ्या कानावर पडला. तेव्हा कुठे मला कळलं मी काय सुचलं म्हणून आणलंय ते. लिहिताना हात लिहीत असतो, माणूस कुठे असतो देव जाणे. मी थांबलो. ताईचे हात कापडावर तसेच होते.

"डावा," ती म्हणाली.

"काय?"

"मोजा. डावा उतरायचा."

मी पेन्सिलीने तिथे 'डावा' लिहिलं. ताईने विचारलं, "ती परत येते का पुढे?"

"नाही. निरोप दिला, काम झालं."

"असं कसं? तळमजल्यावरच राहते ना? मग येता-जाता दिसेल की."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तळमजल्यावर राहणारं पोर जिन्यात दिसणारच. म्हणून ती पुढच्या प्रकरणात दिसली, त्याच्या पुढच्याही. मी दर सुट्टीच्या दिवशी पानं घेऊन जाऊ लागलो. ताई तिला नावाने कधी बोलली नाही, "ती" म्हणायची, पण चुका काढायची. ती दूध पिणार नाही. ती घड्याळजीला घाबरणार नाही, त्याच्याशी पैज लावेल. आता ती दहाची झाली, फ्रॉक आखूड झाला असेल, दुमड सोडून घ्यायला हवी. "हे लिही," ताई म्हणाली, "खालची दुमड सोडली की जुन्या शिवणीची रेघ राहते. इस्त्रीने जात नाही." मी लिहिलं. कितीतरी दिवसांनी ताई मान वर करून माझ्याकडे बघून हसली.

कादंबरी पुरी झाली. संपादकबाईंनी वाचली आणि मला बोलावून घेतलं. त्यांचं टेबल कायम स्वच्छ असतं, त्यामुळे मला त्यांची आधीच भीती वाटते.

"घड्याळजी चांगला आहे," त्या म्हणाल्या. "ती मुलगी तर फारच. पण तिला काही होतच नाही हो. ती पावसात भिजते आणि शिंकतसुद्धा नाही. जिन्यावरून पडते, गुडघा फुटत नाही. सगळी इमारत म्हातारी होते, ढासळते, आणि हिला ओरखडासुद्धा नाही. तुम्ही तिला हात लावायला घाबरता."

"लहान मूल आहे ते," मी म्हणालो.

"पुस्तकातलं आहे. ते पुस्तक तिच्या जाण्याकडे निघालंय, पहिल्या पानापासून. तुम्ही त्याला अडवून धरलंय."

मी रागावून बाहेर पडलो. राग यासाठी की बाई खरं बोलल्या होत्या. घरी येऊन बसलो आणि ते प्रकरण लिहिलं. ताप, ओल्या पट्ट्या, जिन्यात जमून हळू बोलणारे भाडेकरू, निरोप न्यायला कोणी नाही म्हणून स्वतः तीन मजले उतरून आलेला घड्याळजी. मी लिहिताना रडत होतो. आणि रडता रडता एक शब्द खोडून दुसरा घालत होतो, कारण दुसरा जास्त बसत होता. या धंद्याची मला कधी किळस आली असेल तर ती तेव्हा. लिहून झाल्यावर वाचलं. मी आयुष्यात लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं होतं.

ताईपासून ते लपवायचं ठरवलं होतं, पण ती काय आज ओळखते मला? "शेवट झाला म्हणालास. आण की," म्हणाली. मी टाळलं. पुन्हा म्हणाली. मग घेऊन गेलो.

"वाच," ती म्हणाली, "मी शिवते."

मी वाचायला लागलो. मशीन सुरू झालं. ताप चढला, मशीन चालू. डॉक्टर आले, मशीन चालू. घड्याळजी जिना उतरला आणि मी मनात म्हटलं, इथे तरी. पण पाय थांबला नाही. उलट जोरात चालला. माझा आवाज त्यात बुडून गेला, तरी मी वाचत राहिलो, शेवटच्या ओळीपर्यंत. मी कागद मिटले तेव्हा कुठे तिने पाय काढला.

"थांबलं नाही मशीन," ती म्हणाली.

"नाही थांबलं."

"मग तुझा नियम काय?"

"काढायचं ते पान."

"मग काढ."

मी उठून तिच्या बाजूला गेलो. शिवायचा पडदा तिच्या मांडीवर घडी करून ठेवलेला होता, जसाच्या तसा. सुईखाली कापड नव्हतंच. सगळा वेळ सुई रिकामी वर-खाली झाली होती, आणि खाली दोऱ्याचा हा एवढा गुंता होऊन बसला होता. ताईसारखी बाई बिनकापडाचं मशीन कधी चालवणार नाही. दोरा अडकतो हे ती शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी सांगायची.

आम्ही दोघं खाली वाकून तो गुंता सोडवत बसलो. ती चिमट्याने दोरे ओढत होती, मी कापत होतो. मग मी ते प्रकरण तिच्यासमोर फाडलं आणि कापडाच्या चिंध्यांच्या पोत्यात टाकलं.

संपादकबाईंनी कादंबरी परत पाठवली. मी दुसरी पुस्तकं लिहिली. काही चालली, काही नाही. पण सुट्टीच्या दिवशी ताईच्या दुकानात तळमजल्यावरच्या मुलीची पानं वाचायची, हे कधी चुकलं नाही. छापायची नव्हती, त्यामुळे कसली घाई नव्हती. ती वाढली. तिला चष्मा लागला, भावजींना त्याच वयात लागला होता म्हणून. गणितात नापास झाली. ताई म्हणाली, "होऊ दे, मीही झाले होते." आईशी कडाकडा भांडून दार आपटून गेली, अर्थात लाथेने. त्या प्रकरणाला मशीन पहिल्यापासून शेवटपर्यंत थांबलेलं होतं. "परत येते ना पण?" ताईने विचारलं. "जेवायच्या वेळेला येते," मी म्हणालो, आणि ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. जगात कुणाची नसेल अशी माझी वाचक होती ती. आणि माझ्या हातात तिची मुलगी होती.

मग ताई आजारी पडली. आधी पाय सुजले, मशीन बंद झालं, मग दुकानच बंद झालं. मागच्या खोलीत ती पडून असायची. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं ते तिला न सांगताच माहीत होतं. भावजी आता घरी असायचे, निवृत्त झालेले. स्वयंपाकघरात भांडी पुन्हा पुन्हा घासत बसायचे.

एक दिवस दुपारी ती म्हणाली, "ते प्रकरण आहे का रे अजून?"

"कुठलं?" मी वेड घेऊन पेडगावला गेलो.

"चिंध्यांच्या पोत्यात टाकलेलं."

"ते गेलं ताई तेव्हाच."

"मग पुन्हा लिही."

मी म्हणालो, ती आता मोठी झाली, कमावती झाली, चष्मेवाली झाली, आता कसला ताप? ताई छताकडे बघत होती.

"मी गेल्यावर तिचं कोण बघणार? तू? तू तिला दूध पाजशील."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच मोडलं.

"माझं ऐकून तू तिला थांबवून धरलंस," ती म्हणाली. "मला हवं होतं रे. सगळं बघायला मिळालं, चष्मासुद्धा. ते माझ्याजवळ आहे, मी घेऊन जाईन. पण मी पुढे आणि ती मागे एकटी, असं नको. ती माझ्या आधी गेलीये. आता ते लिही. पुस्तकात तिला लहानच जाऊ दे."

मी भांडलो तिच्याशी. मरणाऱ्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण मी भांडलो. मला जमणार नाही म्हणालो. ती म्हणाली, "तुझा धंदा काय मग?"

मी लिहिलं. पहिल्यासारखं येईना, पण लिहिलं, आणि दुपारी तिच्या खाटेजवळ बसून वाचायला लागलो. खोलीत शांतता होती. जरा वेळाने माझं लक्ष पांघरुणाकडे गेलं. तिचा उजवा पाय हलत होता. बोटं वर, टाच खाली, पुन्हा बोटं वर. ती मशीन चालवत होती. मी वाचत गेलो आणि शेवटपर्यंत पाय थांबला नाही.

"चालूच राहिलं," मी म्हणालो. "काढून टाकू या. नको हे सगळं."

"काढू नको. खोटं आहे तेवढं बदल." तिने दम घेतला. "तुझ्या पुस्तकात ती शेवटी आईला हाक मारते. तिने मला हाक मारली नव्हती."

मी कागद मांडीवर ठेवले.

"मी शेजारीच होते ना. मला कशाला हाक मारेल? ती म्हणाली, मामा कुठाय. पुढे काय झालं ते सांगितलंच नाही त्याने. मी म्हटलं, मामा उद्या येतोय, उद्या सांगेल. मग बरं म्हणाली, आणि झोपली."

भिंतीपलीकडे भावजींच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू लिहिणं सोडलं असतंस. तुला दुसरं येतं काय?"

मी घरी गेलो आणि ते लिहिलं. शब्द खोडले नाहीत, बदलले नाहीत. ती म्हणाली तसं, तिच्याच शब्दांत. दुसऱ्या दिवशी वाचलं. पांघरुणाखाली पाय चालू होता. ताप चढला, घड्याळजी जिना उतरून आला, आणि तळमजल्यावरची म्हणाली, पुढे काय झालं ते सांगितलंच नाही. पाय थांबला. मी पुढच्या ओळी वाचल्या, शेवटची वाचली, कागद मिटले. पाय तसाच होता.

"राहू दे हे," ताई म्हणाली.

त्यानंतर ती फार दिवस नव्हती. पुस्तक तिच्या मागे निघालं. संपादकबाईंनी एकही शब्द बदलला नाही. लोकांना आवडलं आणि ते विचारू लागले, ही मुलगी तुम्हाला सुचली कुठून? मी नदीकाठ सांगितला.

गुंडीला मी कुठली गोष्ट सांगत होतो ते मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. कोणीतरी कुठेतरी निघालं होतं एवढंच अंधुक आठवतं, आणि ते खरं की मी आता रचतोय तेही कळत नाही. दर नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी कोणाला तरी कुठेतरी निघायला लावतो. बघू, ही तीच गोष्ट निघते का.

भावजींनी मशीन माझ्याकडे पाठवलं. ते माझ्या टेबलासमोर आहे. बटणांचा डबा त्याच्या खणात आहे. लिहून झालं की मी आजही मोठ्याने वाचतो, सवयीने, आणि मधून मधून वर बघतो. मशीन थांबलेलं असतं. चांगल्या पानाला थांबलेलं, वाईट पानाला थांबलेलं. काय ठेवायचं आणि काय काढायचं, मला आता काही कळत नाही.